‘गरिबाची तोफ’ : एका सोयीस्कर समजाचे खंडन

जड मॉर्टरचे दिवस संपले, हे मत अलीकडे इतक्या सहजपणे मांडले जाते की त्याला पुरावा मागणे म्हणजे उद्धटपणा वाटावा. वर्तमानपत्रांतले संरक्षणविषयक स्तंभ, दूरचित्रवाणीवरच्या चर्चा, फौजेतून निवृत्त होऊन गावी परतलेल्यांच्या पारावरच्या गप्पा, सगळीकडे सूर एकच. उखळी तोफ ही जुन्या काळाची वस्तू. ज्यांना खरी तोफ परवडत नाही त्यांनी ती वापरावी. ‘गरिबाची तोफ’ ही पदवी तर तिला कायमची चिकटली आहे. मी तो उद्धटपणा करणार आहे. पुरावा मागणार आहे आणि माझ्याकडचाही मांडणार आहे. निवाडा वाचकांनी करावा.

प्रतिपक्ष आधी दुबळा करून मांडायचा आणि मग त्याला लोळवायचे, ही वादातली लबाडी झाली. म्हणून पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी सांगतो.

जड मॉर्टर म्हणजे साधारण १२० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद नळीची उखळी तोफ. ती गोळा उंच आभाळात फेकते आणि तो जवळजवळ सरळ डोक्यावर येऊन पडतो. पूर्वपक्ष म्हणतो, तिचा पल्ला किती? सात-आठ किलोमीटर. आजच्या १५५ मिमी तोफा तीस-चाळीस किलोमीटरवर मारा करतात. तिचा नेम कसा? ढोबळ. गोळा हवेत अर्धा मिनिट तरंगतो आणि वारा त्याला हवा तिकडे ढकलतो. ती लपते का? मुळीच नाही. उंच कमानीतून जाणारा तिचा गोळा रडारला सर्वांत आधी दिसतो, आणि त्या कमानीवरून नळी कोठे आहे याचे गणित काही सेकंदांत सुटते. तिच्यात सुधारणा तरी काय झाली? विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज अभियंत्याने १९१५ साली नळी, दोन पाय आणि खाली एक जाड तबकडी असा जो सांगाडा केला, तोच आजही चालू आहे. शेवटी, ड्रोन आल्यावर हिचे काम काय उरले? जुलै २०२५ मध्ये कारगिल विजयदिनी आपल्या सेनाप्रमुखांनीच ड्रोन हाताळणाऱ्या ‘शक्तिबाण’ तोफखाना रेजिमेंटांची घोषणा केली. वाऱ्याची दिशा एवढी स्पष्ट असताना मॉर्टरला कवटाळून बसणे म्हणजे जुन्याचा मोह नव्हे काय?

हा पक्ष भक्कम आहे, आणि त्यातल्या प्रत्येक विधानात तथ्याचा अंश आहे. तरीही त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण तो तोफेला एकच प्रश्न विचारतो : किती लांब? मॉर्टर जन्माला आली ती वेगळ्या प्रश्नापायी. आडोशाच्या मागे कसे पोहोचायचे, हा तो प्रश्न.

त्याचे उत्तर शोधायला आम्हांला युक्रेनपर्यंत जावे लागत नाही. मी जिथून लिहितो आहे त्या वारंगा फाट्यावर अकोला-हिंगोलीकडून आणि यवतमाळकडून येणारे रस्ते एकत्र होतात आणि नांदेडकडे जातात. आज येथे ट्रक आणि एसटी गाड्या थांबतात; एके काळी या मुलखात फौजा फिरत. हिंगोली ही निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ साली कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन होईपर्यंत हिंगोलीची ती ओळख टिकली. त्याही आधी, जानेवारी १८१९ मध्ये, नांदेडच्या उत्तरेच्या याच टापूत नौसाजी नाईकांच्या नोवाच्या गढीला मेजर पिटमनने वेढा घातला होता. आत अरब शिबंदी होती. मोजून एक गढी, पण महिना संपत आला तेव्हा कुठे हल्ला करून ती घेता आली. ‘नोवा’ हे नाव पुढे वेढा घालणाऱ्या पलटणींच्या निशाणावर युद्धसन्मान म्हणून चढले. गढी लहान असो की मोठी, भिंतीच्या अलीकडे उभे राहून पलीकडच्या माणसाला कसे गाठायचे, हा प्रश्न सगळीकडे तोच होता.

त्याच्या आदल्याच वर्षी या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातल्या किल्ल्यांनी स्वतःच्या अंगावर झेलले होते. सिंहगड घ्या. फेब्रुवारी १८१८ च्या अखेरीस इंग्रजांच्या जनरल प्रिट्झलरने वेढा घातला. आत सुमारे ११०० गोसावी आणि अरब. अठरा पौंडी तोफांचे दोन हजारांहून अधिक गोळे आणि उखळी तोफांचे चौदाशेहून अधिक बॉम्ब खर्ची पडले. मार्चच्या सुरुवातीला शिबंदीने पांढरे निशाण दाखवले. तटावर चढाई करायची वेळच आली नाही. मे महिन्यात रायगडावर तेच झाले. ज्या गडाच्या कड्यांना तोफेचा थेट गोळा नुसता खरवडू शकतो, त्याच्या माथ्यावर वरून बॉम्ब पडू लागले, वाडे पेटले आणि १० मेला गड खाली झाला. कडा अभेद्यच राहिला. तो अभेद्य असण्याने काही फरक पडेना.

पण या विषयात माझा खरा साक्षीदार मालेगाव. नारो शंकरांनी मोसम नदीकाठी बांधलेला हा भुईकोट मे १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलने वेढला. आतल्या अरबांनी त्याला दाद दिली नाही. इंग्रजांनी शास्त्रोक्त पद्धतीने तोफा डागून तटाला खिंडार पाडले आणि २९ मेला त्यावर हल्ला केला. हल्ला सपशेल फसला. अधिकारी पडले, माणसे पडली, उरलेले मागे फिरले. मग अहमदनगरहून नवा तोफखाना मागवला. ११ जूनला त्यातल्या उखळी तोफांनी आणि हॉवित्झरांनी किल्ल्यात बॉम्ब टाकायला सुरुवात केली. त्याच दिवशी आतली दारूकोठारे उडाली आणि आतल्या तटाचा मोठा भाग खंदकात कोसळला. दोन-तीन दिवसांत किल्ला शरण आला. थेट माऱ्याच्या तोफांनी बाहेरून पाडलेले खिंडार कामी आले नव्हते; आता किल्ला आतून फुटला. लांबून मारणाऱ्या तोफा मालेगावला होत्याच की! कमी पडला होता तो कोन.

पूर्वपक्ष म्हणेल, हा वेढ्यांचा काळ झाला; आता किल्ले कोण लढवतो? किल्ले गेले हे खरे. आडोसे गेले काय? १९०४-०५ मध्ये पोर्ट आर्थरच्या वेढ्यात रशियन आणि जपानी खंदक इतके जवळ आले की नेहमीच्या तोफा निरुपयोगी ठरल्या. तेव्हा लिओनिद गोब्यातो या रशियन अधिकाऱ्याने डोके नळीबाहेर राहणारा सुरुंग हाताशी असलेल्या नळीतून उंच कोनात फेकण्याची युक्ती काढली. हे ध्यानात ठेवले ते जर्मनांनी. पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा त्यांच्याकडे २५ सेंटिमीटर व्यासाचे जड ‘मिनेनवेर्फर’ तयार होते. इंग्रज आणि फ्रेंच मात्र संग्रहालयातल्या जुन्या उखळी तोफा बाहेर काढत होते. स्टोक्सची नळी ही त्या फजितीतून आली. मग दोन युद्धांच्या मधल्या काळात फ्रान्सच्या एदगार ब्रांदने गोळ्याला माशासारखा निमुळता आकार आणि शेपटीला पंख दिले, आणि १९३५ पर्यंत १२० मिमीची मॉर्टर उभी केली. सोव्हिएत अभियंता बोरिस शाविरिनने त्या वाटेने जाऊन १९३८ ची १२० मिमी मॉर्टर केली : वजन तीन क्विंटलांच्या आत, गोळा सुमारे सोळा किलोंचा, पल्ला सहा किलोमीटरांच्या आसपास.

आता ‘गरिबाची तोफ’ म्हणणाऱ्यांना माझा पहिला थेट सवाल. १९४१ मध्ये रशियात घुसलेल्या जर्मन सैन्याला ही मॉर्टर भेटली तेव्हा त्याने काय केले? क्रुप आणि राइनमेटाल यांच्या देशाने, तोफा ओतण्यात ज्याचा हात धरणारा दुसरा नव्हता त्या देशाने, शत्रूची ही ‘गरीब’ तोफ आधी पकडून वापरली आणि मग तिची जवळजवळ हुबेहूब नक्कल करून ‘ग्रॅनाटवेर्फर ४२’ या नावाने स्वतःच्या कारखान्यात काढली. गरज नसताना श्रीमंत कारागीर गरिबाची नक्कल करत नाही. आणि आज ही तोफ कोणाकडे आहे? अमेरिकेने १९९० च्या दशकात आपली जुनी १०७ मिमी मॉर्टर बाजूला सारून १२० मिमीची घेतली. फिनलंड, स्वीडन, इस्रायल, पोलंड, फ्रान्स यांतला कोणता देश तोफ परवडत नाही म्हणून मॉर्टर बाळगतो? ही विशेषणे एकदा छापली गेली की कोणी तपासत नाही. दारिद्र्याचा आरोप येथे संपतो.

‘सुधारणा झालीच नाही’ हा आरोप त्याहून मनोरंजक आहे. नळी, पाय, तबकडी एवढेच पाहणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण मॉर्टरची सगळी प्रगती नळीच्या बाहेर झाली आहे. सोव्हिएत सैन्याने १६० मिमीच्या मॉर्टरला मागून उघडणारी नळी दिली, कारण चाळीस किलोंचा गोळा उचलून माणसाच्या उंचीपेक्षा वरच्या तोंडात सोडणे हे लढाईतले काम नव्हे. पुढे २४० मिमीची आली. तिचा गोळा १३० किलोंचा. १९७० च्या दशकात तीच साखळी-पट्ट्यांच्या गाडीवर चढून ‘त्युल्पान’ झाली, आणि १९८० च्या दशकात अफगाणिस्तानात तिच्यासाठी लेझरच्या खुणेवर उतरणारा गोळाही वापरला गेला. फ्रेंचांनी १२० मिमीच्या नळीला आतून आटे पाडले, त्यामुळे गोळा फिरत जाऊ लागला; रॉकेटची जोड दिलेला त्याचा गोळा तेरा किलोमीटर जातो. १९८१ च्या सोव्हिएत ‘नोना’मध्ये तोफ कोणती आणि मॉर्टर कोणती हे सांगणेच अवघड होते. फिनलंड आणि स्वीडनने मिळून केलेल्या ‘आमोस’मध्ये एका बंद बुरुजात दोन नळ्या आहेत, संगणक प्रत्येक गोळ्याचा कोन आणि दारूचे प्रमाण असे बदलतो की वेगवेगळ्या वेळी सुटलेले गोळे लक्ष्यावर एकाच क्षणी पडावेत. शंभर वर्षांत काही बदलले नाही म्हणता? मग बंदुकीतही काही बदललेले नाही; तिलाही अजून नळी आणि घोडाच आहे.

येथे एक तांत्रिक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्याशिवाय पल्ल्याचा वाद सुटत नाही. गोळा सुटताना जो धक्का मागे येतो तो झेलायला तोफेला जड गाडा, तेलाचे आणि हवेचे दट्टे, लांब पाय असे सगळे लटांबर लागते. आपल्या १०५ मिमी इंडियन फील्ड गनचे वजन तीन टनांहून अधिक आहे, आणि तिचा गोळा भरतो साधारण पंधरा किलो. जवळजवळ तेवढ्याच वजनाचा गोळा काही क्विंटलांची १२० मिमी मॉर्टर फेकते. हे जमते कसे? ती धक्का झेलतच नाही. तबकडीतून सरळ जमिनीला देऊन टाकते. धरणी हाच तिचा दट्टा. शिवाय नळीतला दाब कमी असल्याने गोळ्याचे कवच पातळ ठेवता येते आणि आत स्फोटक जास्त मावते. आता हिशेब करा. त्या जादा अडीच-तीन टनांतून फील्ड गनला काय मिळते? सतरा किलोमीटरचा पल्ला. म्हणजे आपण टनांच्या भावाने अंतर विकत घेतो. अंतर हवे असेल तर खुशाल घ्यावे. पण जिथे रस्ता संपतो आणि पुढचा चढ खेचरांच्या पाठीवर किंवा जवानांच्या खांद्यावर ओलांडायचा असतो, तिथे हे टन न्यायचे कोणी?

जमिनीवर विसंबण्याची किंमत मॉर्टर मोजते, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या काळ्या रानात भर पावसाळ्यात जड मॉर्टर लावली तर पहिल्या काही गोळ्यांतच तबकडी बैलगाडीच्या चाकासारखी रुतेल, आणि ती उपसून काढताना तोफखान्याच्या जवानांच्या तोंडून जे शब्द निघतील ते येथे छापता येणार नाहीत. खडकावर उलट त्रास : तबकडी उसळते, म्हणून खाली वाळूची पोती घालावी लागतात. पूर्वपक्षाने हा आक्षेप घेतला असता तर मला उत्तर देताना घाम फुटला असता. त्याने तो घेतला नाही. त्याने पल्ल्याचा घेतला.

आणि पल्ल्याचा आक्षेप रेझांग ला येथे कोसळतो.

हैदराबाद कंटिंजंटच्या ज्या पायदळ पलटणी हिंगोली, औरंगाबादच्या छावण्यांत राहत, त्यांचीच १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिने कुमाऊं रेजिमेंट हे नाव घेतले. नोवाचा युद्धसन्मान त्याच घराण्याचा. या रेजिमेंटची स्वातंत्र्यानंतर उभी राहिलेली १३ वी बटालियन १९६२ च्या चीन युद्धात लडाखमधल्या चुशूलच्या बचावाला होती. तिची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग आणि सुमारे १२० जवान, सोळा हजार फुटांवरच्या रेझांग ला खिंडीत होती. चुशूलला भारतीय तोफा नव्हत्या असे नाही. पंचवीस पौंडी तोफा होत्या, विमानाने उतरवलेले हलके रणगाडेही होते. पण तोफा आणि खिंड यांच्यामध्ये डोंगर होता. पंचवीस पौंडी तोफेची नळी एरवी चाळीस-पंचेचाळीस अंशांपुढे वर होत नाही. तिचा गोळा त्या माथ्यावरून जाऊन पलीकडे खाली उतरू शकत नव्हता. १८ नोव्हेंबरच्या पहाटे हल्ला आला तेव्हा कंपनीला तोफखान्याचा एकही गोळा मदतीला मिळाला नाही. तिच्याजवळ होत्या तीन इंची, म्हणजे हलक्या, मॉर्टर. पुढच्या वर्षी बर्फ वितळू लागल्यावर शोधपथके तेथे पोहोचली तेव्हा मॉर्टरच्या हजारभर गोळ्यांपैकी मोजकेच शिल्लक होते, आणि एक जवान हातात गोळा धरलेल्या अवस्थेत गोठून गेलेला होता.

जड मॉर्टर असत्या तर रेझांग ला वाचली असती, असा दावा मी करत नाही. संख्याबळ आणि हवामान यांच्यापुढे असल्या जर-तरना अर्थ नसतो. मी एवढेच विचारतो : त्या पहाटे कंपनीला पल्ला कमी पडला की कोन? तोफा होत्या. शत्रूही होता. मध्ये डोंगर होता.

हिमालयात ही अपवादाची गोष्ट नाही. तिथे शत्रू नेहमी पलीकडच्या उतारावर, नाल्यात, खडकाच्या पोटात बसतो. नकाशावरचे सात किलोमीटर म्हणजे माणसाच्या पायांचा दिवसभराचा प्रवास. म्हणून आपल्या तोफखान्याने हलक्या रेजिमेंटांत १२० मिमी मॉर्टर राखल्या, आणि १६० मिमीच्याही बाळगल्या. १९९९ च्या कारगिल युद्धात बोफोर्सने नाव कमावले ते रास्तच. तिच्या पराक्रमातला कणभरही मला काढून घ्यायचा नाही. पण त्या युद्धात सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली गेली असे जे सांगितले जाते, त्यातला ‘बॉम्ब’ हा शब्द वाचताना आपली नजर घसरते. तो मॉर्टरचा असतो. हिशेबात ती तोफांच्या बेरजेत मिसळते आणि आठवणीत बोफोर्सच्या सावलीत जाते. उपयोग झाला नाही म्हणून कोणी विस्मरणात जात असेल तर ठीक. उपयोग होऊनही कोणी मोजले नाही, हा तिच्याविरुद्धचा पुरावा कसा?

नेमाविषयी. वारा गोळ्याला ढकलतो, हे मान्य. पण गोळा कसा पडतो यालाही महत्त्व आहे. सपाट कोनातून येणाऱ्या गोळ्याचे बरेच तुकडे मातीत आणि आभाळात वाया जातात. जवळजवळ उभा पडणारा गोळा आपले तुकडे चारी बाजूंना सारखे फेकतो. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी सारायेव्होच्या मार्काले बाजारात १२० मिमीचा एकच गोळा पडला आणि ६८ माणसे मेली. हे उदाहरण मी आनंदाने देत नाही. ज्यांना ही तोफ खेळणे वाटते त्यांनी ते वाचावे म्हणून देतो. आणि वस्तीजवळ ढोबळ नेमाची जड मॉर्टर वापरणे हा गुन्हा ठरू शकतो, हे मे २०२५ मध्ये सीमेपलीकडच्या तोफांचा आणि मॉर्टरचा मारा सोसलेल्या पूँछच्या लोकांना मी काय सांगणार!

मात्र ढोबळ नेम हा मॉर्टरचा जन्मस्वभाव आहे, की त्या-त्या काळच्या गोळ्याचा? स्वीडनने १९९० च्या दशकात ‘स्ट्रिक्स’ हा १२० मिमी गोळा सैन्यात आणला. तो उतरताना रणगाड्याची उष्णता ओळखून त्याच्या वरच्या, सर्वांत पातळ पत्र्यावर जातो. अमेरिकी सैन्याने २०११ मध्ये अफगाणिस्तानात उपग्रहाच्या आधाराने दहा मीटरांच्या आत पडणारा १२० मिमी गोळा आपल्या तुकड्यांना दिला. इस्रायलने लेझर आणि उपग्रह या दोन्हींवर चालणारा ‘आयर्न स्टिंग’ २०२३ मध्ये गाझात वापरला. तिन्ही वेळा नळी जुनीच होती. नेम गोळ्यात शिरला. आणि उभ्या कोनातून हळू उतरणाऱ्या गोळ्याला वाट सुधारायला अवधीही मिळतो. ज्या संथपणाला दोष दिला जात होता त्याचाच येथे उपयोग झाला.

रडारचा मुद्दा मी सर्वांत गंभीर मानतो. इंग्रजांची ‘ग्रीन आर्चर’ आणि ‘सिंबेलिन’ ही रडारे मुळात मॉर्टर शोधण्यासाठीच होती. आपले ‘स्वाती’ रडारही तिचे गोळे टिपते. एका जागी तबकडी रुतवून तासभर मारा करणारे पथक आज आत्महत्या करते आहे, यात शंका नाही. पण रडारने ठिकाण सांगितल्यावर तोफ त्या दिशेला वळून गोळा तेथे पडेपर्यंत वेळ जातो, आणि १२० मिमी मॉर्टर पहिल्याच मिनिटात दहा-बारा गोळे सोडू शकते. गाडीवर बसवलेली मॉर्टर उत्तराचा गोळा पडायच्या आत हललेली असते. शिवाय रडार स्वतः लहरी सोडते, म्हणून तेही सापडते. यातून निष्कर्ष निघतो तो हा की ओढून नेण्याच्या जड मॉर्टर गाड्यांवर चढवल्या पाहिजेत. मॉर्टर टाकून द्यावी, असा निष्कर्ष निघत नाही. पाहा, रडार तोफांनाही शोधते. मग तोफाही मोडीत काढायच्या काय?

राहिले ड्रोन. येथे तर पूर्वपक्षाने आपलीच साक्ष नीट वाचलेली नाही. युक्रेनच्या आघाडीवर मॉर्टर पथकाचा डोळा कोण आहे? ड्रोन. पूर्वी निरीक्षक टेकडीवर पोटावर सरपटत जाऊन गोळा कोठे पडला ते सांगत असे. आता तेच चित्र पथकाच्या हातातल्या पडद्यावर दिसते, आणि दुसरा-तिसरा गोळा लक्ष्यावर जातो. ढोबळ नेमाची तक्रार ज्याने निम्मी मिटवली, त्यालाच मॉर्टरचा मारेकरी म्हणायचे? लहान ड्रोन काही किलो वजन उचलतो, एका फेरीत एक घाव घालतो, आणि धुके, जोराचा वारा किंवा लहरी गुदमरवणारे यंत्र यांच्यापुढे हतबल होतो. सोळा किलोंच्या गोळ्याला कोणी लहरी सोडून अडवू शकत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. आणि एक बारीकशी गोष्ट : मोठे ड्रोन शत्रूच्या खंदकांवर जे स्फोटक सोडतात, ते पुष्कळदा काय असते? मॉर्टरचाच गोळा. पंखांसकट.

शेवटचा आक्षेप पैशांचा. मर्यादित निधी लांब पल्ल्याच्या तोफांवर खर्च करावा, असे म्हणणाऱ्यांशी माझे अर्धे मतैक्य आहे. वाळवंटात आणि पंजाबच्या मैदानात त्यांचेच म्हणणे चालावे. पण आपली उत्तरेची सीमा मैदान नाही, आणि मॉर्टरसाठी लागणारी सामग्री आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा दारूगोळ्याची कंपनी, म्युनिशन्स इंडिया, पुण्यात मुख्यालय करून बसली. तिच्या यादीत १२० मिमी मॉर्टरचे गोळे आहेत. शस्त्रास्त्रांचे संशोधन करणारी एआरडीई पाषाणला आहे, वाहनांची व्हीआरडीई अहिल्यानगरला, तोफखान्याचे विद्यालय देवळालीला. गाडीवर बसवलेली १२० मिमी मॉर्टर आणि मार्ग सुधारणारा गोळा या दोन गोष्टींसाठी लागणारे ज्ञान दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या परिघात बसते. पूर्वपक्षाला माझी विनंती एवढीच : यापुढे मॉर्टर मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडाल तेव्हा त्यासोबत हेही लिहा की चुशूलच्या त्या डोंगरापलीकडे कशाने मारा करणार, आणि ते खिंडीपर्यंत कोण वाहून नेणार.